पाऊस लागला, ऑलिव्ह थांबले : उंब्रियातला एक रिकामा दिवस

सड्यावरची
सकाळी साडेसहाला फोन वाजला. शेजारचे आजोबा. एकच शब्द, "प्योव्हे". पाऊस पडतोय. एवढं बोलून ठेवला पण फोन. मी खिडकीची लाकडी झडप ढकलून बघितलं तर समोरची टेकडीच नाही, नुसता राखाडी पडदा आणि कौलांवरून पागोळ्या. परत पांघरुणात शिरले. नोव्हेंबरात, ऐन ऑलिव्हच्या तोडणीत, असा फोन म्हणजे शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मूळची राजापूरकडची, गेली सहा वर्षं इटलीत उंब्रियात बेवान्याच्या वरच्या अंगाला एका जुन्या दगडी घरात राहते, नवरा इथलाच. आमची स्वतःची झाडं थोडीच आहेत पण शेजारच्या आजोबांची दीडशेच्या वर, मग सगळे मिळून दोघांची तोडतो आणि तेल वाटून घेतो. झाडाखाली जाळी अंथरायची, बॅटरीवर चालणाऱ्या लांब दांड्याच्या कंगव्यांनी फांद्या झोडायच्या, जाळी गोळा करून फळं क्रेटमध्ये भरायची आणि शक्यतो त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घाण्यावर न्यायची, इथे त्याला फ्रान्तोयो म्हणतात. शंभर किलोला बारा-पंधरा किलो तेल निघालं तर आजोबा खूश. पण ओली फळं क्रेटमध्ये रचली की तापतात, आंबतात, तेलाला वास येतो, शिवाय जाळी चिखलात आणि शिडी निसरडी. म्हणून पाऊस म्हणजे काम बंद, चर्चाच नाही.

हे मला पहिल्या वर्षी झेपलंच नव्हतं. आमच्याकडे पाऊस म्हणजे कामाचा भोंगा हो. मृग लागला की आई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायची, बाबा नांगर घेऊन बाहेर, लावणीला माणसं मिळवायची धावपळ, आम्ही पोरं इरली घेऊन चिखलात. पाऊस पडतोय म्हणून घरात बसणारा माणूस आळशी. आणि इथे पाऊस पडतोय म्हणून बाहेर जाणारा माणूस वेडा! पहिल्या वर्षी मी रेनकोट घालून आजोबांच्या दारात उभी राहिले, चला म्हटलं, तर आजीने मला हाताला धरून आत ओढलं, चुलीसमोर बसवलं, आणि केस ओले बघून जे काय बोलल्या ते माझ्या आजीचंच भाषांतर होतं. ओलं डोकं घेऊन वाऱ्यात जाऊ नकोस, मान धरेल, पोटात वारा शिरेल. मान धरण्याला इथे सगळे "चेर्विकाले" म्हणतात आणि तो राष्ट्रीय आजार आहे.

तर आजचा दिवस. नऊपर्यंत लोळले. मग मोका, म्हणजे इथलं कॉफीचं भांडं, चढवला (पाणी झडपेच्या खालीच, कॉफी दाबायची नाही, आच बारीक, आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवायचा, हे सगळं नवऱ्याने लग्नाआधी शिकवलं, बाकी काही शिकवलं नाही). चूल पेटवली. म्हणजे फायरप्लेस, पण मी चूलच म्हणते. ओकची लाकडं, दोन वर्षं सुकवलेली, इथे लाकूड अजून क्विंटलवर विकतात, ऐकून बरं वाटतं.

आणि मग टप्. टप्. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गळती. आमचं छप्पर कोप्पी कौलांचं आहे, आपल्याकडे पूर्वी नळीची कौलं असायची ना अगदी तशीच, एक उताणं एक पालथं, खाली भाजलेल्या मातीच्या चपट्या विटा आणि त्याखाली चेस्टनटच्या लाकडाचे वासे. मांजरं वर भांडतात आणि कौल सरकवतात. लहानपणी आगोटीच्या आधी बाबा कौलं शाकारायला वर चढायचे ते आठवलं. निळी बादली लावली. आवाज बारीक करायला आत फडकं टाकलं, ही युक्ती पण राजापूरचीच.

दुपारी आजीकडून तोर्ता अल तेस्तो आली. ही इथली भाकरी समजा. मैदा, पाणी, मीठ, चिमूटभर सोडा, जरासं तेल, बोटभर जाड थापून काट्याने टोचून तेस्तो नावाच्या जड तव्यावर भाजायची. तवा तापलाय का बघायला त्यावर चिमूटभर पीठ भुरभुरायचं, लगेच काळं पडलं तर फार तापलाय. मधून चिरून आत लसणीवर परतलेली रानभाजी. वरून या वर्षीचं नवं तेल, हिरवंगार, घशाशी ठसका लागेल असं तिखट. मी जेवले आणि दोन तास झोपले. दोन तास!! कुणी काही म्हणालं नाही.

आता साडेचार वाजतायत, बाहेर अंधार पडत आलाय, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे केल्यापासून संध्याकाळ अशी अंगावर येते. आज भजीचा बेत आहे. तुमच्याकडे पावसात काय चाललंय ते सांगा. देशातल्यांना नोव्हेंबरात पाऊस नसेल, त्यांनी जुनं सांगावं.

भिजपाऊस
आहाहा. ऑफिसात बसून वाचलं आणि आता एक्सेल शीटकडे बघवत नाहीये. भजी कशाची करणार ते सांगा, बेसन मिळतं का तिकडे खेड्यात?

सड्यावरची
@भिजपाऊस, बेसन शोधायला पेरूजापर्यंत जायची गरज नाही हे मला दोन वर्षांनी कळलं. साध्या किराणा दुकानात फरीना दी चेची मिळतं, छोल्यांचं पीठ. लिगुरियात त्याची फरिनाता करतात, ओव्हनमधलं धिरडंच. आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, हे आपल्याकडच्या काबुली चण्यासारख्या मोठ्या पांढऱ्या चण्याचं, त्यामुळे जरा चिकट होतं आणि रंग फिका. मी त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ घालते, मग कुरकुरीत होतात. कांदा मात्र आपल्यापेक्षा सरस, रागावू नका. इथून जवळच कान्नारा नावाचं गाव आहे, कांद्यासाठीच प्रसिद्ध, सप्टेंबरात कांद्याची जत्रा भरते. गोड कांदा. मीठ लावून ठेवला की पाणी सुटतं तेवढंच पुरतं, वेगळं घालायचंच नाही. ओवा पुण्याहून.

निवांत नाना
कान्नाऱ्याचा कांदा आमच्या लासलगावापेक्षा सरस म्हणणाऱ्या आयडीचा निषेध. बाकी लेख छान.

मिलानचा मुंबईकर
ताई, तुम्ही चूल पेटवता म्हणून सुखी आहात. आम्ही फ्लॅटवाले. सेंट्रल हीटिंग १५ ऑक्टोबरला सुरू आणि १५ एप्रिलला बंद, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास, कायद्यानेच. देशाचे ए ते एफ असे हवामानाचे पट्टे पाडलेत आणि मिलान ई मध्ये येतं. १० ऑक्टोबरला बाहेर कितीही गारठा असू दे, रेडिएटर थंडगार. पावसाळी शनिवारी मी दोन स्वेटर घालून सोफ्यावर बसतो आणि बायकोला म्हणतो बघ किती रोमँटिक.
आणि एक शंका, तुमच्याकडे वीज ३ किलोवॉटचीच आहे का? आमच्याकडे ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकत्र लावलं की फट्.

सड्यावरची
हाहा, इटलीत संसार करणं म्हणजे ३ किलोवॉटचा हिशेब करणं. ओव्हन दोन, मशीन दोन, झाला अंधार. तुमचा मीटर जिन्यात असेल, आमचा रस्त्याच्या फाटकापाशी आहे, ऐंशी मीटर लांब! पाऊस, अंधार, चिखल आणि मी छत्री आणि टॉर्च घेऊन बटण वर करायला चाललेय, हे चित्र महिन्यातून एकदा तरी असतंच. रस्ता डांबरी नाही, पांढऱ्या खडीचा. पावसात त्याचं पिठलं होतं.

तिरपागडा
सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. मी फाएन्झाजवळ राहतो, एमिलिया-रोमान्या. मे २०२३ मध्ये दोन आठवड्यांत दोनदा असा पाऊस झाला की वीसहून जास्त नद्यांनी काठ सोडले, डोंगराकडे शेकड्यांनी दरडी कोसळल्या, माणसं गेली, हजारोंना घरं सोडावी लागली. आमच्या तळघरात छातीएवढा गाळ होता. तेव्हापासून फोनवर पिवळा अलर्ट आला तरी मला झोप लागत नाही, नारिंगी आला की मी गाडी उंचावर नेऊन लावतो. तुमच्या टेकडीवरून पाऊस छान दिसतो, खालून बघा कधी.

सड्यावरची
@तिरपागडा, खरं आहे तुमचं. टेकडीवर राहणाऱ्याचा पाऊस आणि नदीकाठच्याचा पाऊस एक नाही. राजापूर बाजारपेठेत अर्जुनेचं पाणी शिरायचं तेव्हा आम्ही वाडीतले वरून बघायचो आणि मामाचं दुकान खाली होतं, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. आज इथे अलर्ट हिरवा आहे, नाहीतर हा धागा काढलाच नसता. गाळ काढायला कोणी होतं का मदतीला?

तिरपागडा
होते ना. कुठून कुठून पोरं आली फावडी घेऊन, चिखलाने माखलेली, ओळख ना पाळख. आमच्याकडे तीन दिवस चौघं होते, त्यांतला एक नोव्हेल्लाराच्या बाजूचा सरदारजी, गोठ्यात काम करणारा. या पट्ट्यात गाईंच्या गोठ्यांवर पंजाबी भरपूर. मला हिंदीत म्हणाला, "भाई, चाय है?" त्या गाळात मला रडू आलं होतं. असो. भजी करा तुम्ही. मी पण करतो.

वऱ्हाडी ठेचा
पावसाळी दिवसाचं जेवण म्हणाल तर मी दोन वर्षं पेरूजात शिकायला होतो तेव्हाची गंमत सांगतो. खानावळीत एक दाट सूप आलं, चिचेर्क्याचं, तोंडात घातलं आणि थेट भंडाऱ्याला आजीच्या घरी पोचलो. ही तर आपली लाखोळी! परत खोलीवर येऊन शोधलं तर खरंच तेच पीक. आपल्याकडे गरिबाची डाळ म्हणून नाक मुरडतात, तिकडे छोट्या पिशवीत घालून वर चित्रबित्र काढून महाग विकतात. फक्त रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, हे तिथल्या आजीनेही सांगितलं आणि माझ्याही आजीने. जास्त दिवस रोज तेच खाल्लं तर पायांना बरं नाही म्हणतात, दोन्हीकडे माहीत आहे.

सड्यावरची
काय सांगता! माझ्या कपाटात पिशवी पडून आहे, मला वाटायचं वाटाण्याचा चुलतभाऊ असेल. उद्यासाठी आत्ताच भिजत घातली. कास्तेल्लुच्योची मसूर मात्र आम्ही भरपूर खातो, इतकी बारीक असते की भिजवायला नको, लसूण आणि सेलरी घालून तासाभरात चुलीवर शिजते.

चिंचगुळ
ताई तुमच्या गावात भारतीय अजून कोण? एकटं नाही का वाटत अशा पावसात? मी नॉर्वेत आहे, इथला पाऊस मला खायला उठतो, म्हणून विचारतेय.

सड्यावरची
@चिंचगुळ, वाटतं की. पहिल्या नोव्हेंबरात फारच वाटायचं. त्यात दिवाळीला काय घोळ घातला ते सांगते, हस हवं तर. दिवाळी नोव्हेंबरच्या तोंडाशी होती, मला फुलं हवी होती, आणि फुलवाल्याकडे शेवंतीच शेवंती, पिवळी, पांढरी, जांभळी, ढीगच्या ढीग! मी हरखले, झेंडू नाही तर शेवंती, दोन मोठ्या कुंड्या घेतल्या, एक आमच्या दारात आणि एक फराळाबरोबर शेजारच्या आजींना. आजींनी दार उघडलं, कुंडीकडे बघितलं, क्रॉस केला आणि "कोण गेलं?" म्हणून विचारलं. इथे शेवंती फक्त मेलेल्यांना वाहतात ग, २ नोव्हेंबरला सगळं गाव कबरींवर घेऊन जातं, म्हणून तर दुकानात ढीग होता. मी शरमेने मेले. आजींनी मात्र चकली खाल्ली, कुंडी उचलली आणि "चल, माझ्या आईकडे ठेवून येऊ" म्हणाल्या. भर पावसात एका छत्रीत आम्ही दोघी स्मशानात गेलो. त्यांनी आईला माझी ओळख करून दिली. तेव्हापासून तसं एकटं नाही वाटत.

चिंचगुळ
हसणार होते, पण नाही हसले. थांब, मी पण शेजारणीचं दार वाजवून येते. साडेपाच महिन्यांत एकदाही वाजवलेलं नाही.

अर्धवट
ब्रेडमध्ये मीठ नसतं म्हणे तुमच्याकडे? आमचा ग्रुप टूरवाला सांगत होता की पोपने मिठावर कर लावला म्हणून लोकांनी चिडून मीठच सोडलं.

सड्यावरची
कर खरा, युद्धही खरं. १५४० मध्ये पोप तिसरा पॉल याने मिठाचा भाव वाढवला, पेरूजाने बंड केलं, हरले, आणि पोपने बंडखोर घराण्याची घरं पाडून वर रोक्का पाओलिना नावाचा किल्ला बांधला. आज त्याच्या पोटातून सरकते जिने जातात, वऱ्हाडी ठेचा रोज गेले असतील. पण ब्रेड त्यामुळेच अळणी झाला हे इतिहासवाले मानत नाहीत, शेजारच्या तोस्कानातही ब्रेड अळणीच आहे आणि तिकडे कुठे हे बंड झालं होतं. आजोबांना हे सांगून बघा मात्र. चारशे-पाचशे वर्षांचा राग आहे, ते कालच मीठ महाग झाल्यासारखे बोलतात. तसा इथे पावसाचा दोषही सरकारलाच. "प्योव्हे, गोव्हेर्नो लाद्रो" अशी म्हणच आहे, पाऊस पडतोय, चोर सरकार!

निवांत नाना
ही म्हण ताबडतोब महाराष्ट्रात आयात करावी. ड्युटी मी भरतो.

मिलानचा मुंबईकर
संध्याकाळी पत्ते नाही का? आमच्या सासऱ्यांकडे पाऊस म्हणजे ब्रिस्कोला. मला अजून डोक्यात शिरत नाही. तिर्री राजाला खाते, हा काय न्याय झाला.

सड्यावरची
पत्ते तर आत्ताच झाले, म्हणून उत्तराला उशीर. सोपं आहे हो. चाळीस पानं, आठ-नऊ-दहा नाहीतच. एक्का ११, तिर्री १०, राजा ४, घोडेस्वार ३, गुलाम २, बाकी शून्य, एकूण १२०, ज्याचे ६१ तो जिंकला. हुकमाचं पान सगळ्यांना दिसेल असं उघडं करून गड्डीखाली ठेवायचं. आणि मुख्य म्हणजे आपल्या मेंढीकोटासारखं उतारी चालवायची सक्ती नाही, काहीही टाका, म्हणून आपला मेंदू गडबडतो. चौघं असले की जोड्या, आणि जोडीदाराला खुणा केलेल्या चालतात! तिर्री असली की तोंड वाकडं करायचं. मेंढीकोटात असं केलं असतं तर काकाने पत्ते तोंडावर फेकून मारले असते. आजी आणि मी विरुद्ध आजोबा आणि नवरा. मी खरंच शिंक येत होती म्हणून तोंड वाकडं केलं, आजींना वाटलं तिर्री, एक्का टाकून मोकळ्या झाल्या, अकरा गुण गेले. ५८-६२ ने हरलो.

भिजपाऊस
भजी????? धागा भजीवर सुरू झाला होता.

सड्यावरची
झाल्या. आजोबांनी पहिली भजी सुरीकाट्याने कापून खाल्ली, मग काटा बाजूला ठेवला. आजींचं म्हणणं मिरची कमी घाल आणि सेजची पानं पण अशीच तळ, त्या तशीच तळतात. शेवटचा घाणा सेजचा केला, पानांची भजी, आपल्या मायाळूच्या किंवा ओव्याच्या पानांसारखी. वास वेगळा पण कुरकुरीत. चहा मी एकटीच प्यायले, आलं घालून. दुपारनंतर दूध घातलेलं काही पिणं ही इथे प्रकृतीची तक्रार समजतात.

तिरपागडा
माझ्या चिकट झाल्या. तांदळाचं पीठ वाचायचं राहिलं. खाल्ल्या तरी.

अर्धवट
आणि बादली?

सड्यावरची
अरे हो. एकदा ओतली, पाऊण भरली होती. ठिबक आता मिनिटाला एखादी. आत्ता दार उघडून बघितलं तर वारा फिरलाय, शिरोक्कोचा उबट दमटपणा गेला आणि उत्तरेकडून त्रामोंताना सुटलाय, कोरडा आणि बोचरा, मोंतेफाल्कोच्या टेकडीवरचे दिवे दिसायला लागले. म्हणजे पहाटेपर्यंत झाडं सुकणार. आजोबांनी जाताना दारात उभं राहून आभाळाकडे बघितलं आणि "साडेसात" म्हणाले. आज दोनच शब्द बोलले तसे माझ्याशी, सकाळी एक आणि रात्री एक. बाकी सगळं पत्त्यांबद्दल.
मी झोपते आता. चिंचगुळ, शेजारणीचं काय झालं ते लिहून ठेव, उद्या जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली वाचेन.